मानवजात तिथे नव्हती

युद्ध संपलं आणि आमच्या पेपरात मानवजात आली. त्याआधी ती कुठे होती कोण जाणे. युद्धाच्या काळात आमच्याकडे शत्रू होता, शूर जवान होते, आघाडी होती, पिछाडी होती. मानवजात औषधालाही नव्हती. तहावर सह्या झाल्या आणि त्याच आठवड्यात अग्रलेखात ती पहिल्यांदा उभी राहिली, तीही एका वळणावर. पुढे वर्षभर ती त्याच वळणावर उभी होती. आमचे फोरमनकाका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता म्हणायचे, "अहो, कोणीतरी खुर्ची द्या तिला. पाय दुखत असतील बिचारीचे."

अग्रलेख लिहिणारा संपादक म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, दादा. कचेरीत त्याच्या पाठीमागे त्याचं नावच 'मानवजात' पडलं होतं. "मानवजात आली का?" "आली, पण आज तापलीय, आत जाऊ नका." माझ्यासमोरही बिनदिक्कत म्हणायचे. मी मनाला लावून घेत नसे, कारण नाव चपखल होतं.

कागदाची टंचाई होती. आमचं सायंदैनिक चार पानांवर आलं होतं. बटाटे कुठे मिळतील याला तीन ओळी, पाणी कधी बंद राहील याला दोन, आणि मानवजातीच्या भवितव्याला दीड कॉलम. शिवाय रविवारी 'उद्याचा माणूस' हे सदर. त्यात प्राध्यापक लिहायचे, डॉक्टर लिहायचे, पूल बांधणारे इंजिनियर लिहायचे. उद्याच्या माणसाला भांडी घासावी लागणार नव्हती, सरहद्दी ओलांडायला कागद दाखवावे लागणार नव्हते, त्याचे दातसुद्धा किडणार नव्हते. आजचा माणूस साबणाच्या रांगेत उभा राहून हे वाचायचा, मोठ्याने, मागच्यालाही ऐकू जाईल असं.

मी हसायचे, पण लोकांना ते हवं होतं हेही मला दिसायचं. ज्यांच्या घरात जेवायच्या टेबलाशी एक खुर्ची कायमची रिकामी झाली होती, त्यांना कोणीतरी रोज संध्याकाळी सांगायला हवं होतं, की हे सगळं कशासाठी तरी झालं. दादा ते सांगायचा, आणि सुंदर सांगायचा. त्याच्या भाषेला मी कधी नावं ठेवली नाहीत. त्या भाषेत माणूस कुठे आहे, एवढंच मी शोधत असे, आणि ते माझं कामच होतं.

कारण पेपरातलं दुरुस्तीचं टेबल माझ्याकडे होतं. तळमजल्यावर, जिन्याखाली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि मागे भिंतभर जुन्या अंकांच्या फायली. पेपरात काही चुकीचं छापलं गेलं की लोक तिथे यायचे. नवऱ्याचं वय मृत्यूच्या बातमीत वाढवलंय म्हणून बाई यायची. नाटकाची वेळ चुकली म्हणून थिएटरवाला यायचा, तो तर आठवड्याला ठरलेलाच. मी फाईल काढायची, ओळ शोधायची, आणि ती ओळ ज्याने लिहिली त्याच्याकडे पाठवायची. त्याने स्वतःच्या हाताने दुरुस्ती लिहून सही करायची. ती दुसऱ्या दिवशी पान दोनवर, खालच्या कोपऱ्यात, त्याच्या नावानिशी यायची.

नियम एकच होता आणि तो कडक होता. दुरुस्ती 'मी लिहिलं होतं' या शब्दांनीच सुरू झाली पाहिजे. 'नजरचुकीने छापलं गेलं' चालणार नाही, 'आम्ही' चालणार नाही, खिळे जुळवणाऱ्यावर ढकलणं तर अजिबात चालणार नाही. हा नियम दादानेच केलेला, संपादक झाला त्या पहिल्या वर्षी, आणि शहरात आमच्या पेपरची पत त्या कोपऱ्यावर उभी होती. लोक म्हणायचे, यांच्याकडे चूक झाली तर हे कबूल करतात, म्हणजे बाकीचं खरं असणार.

आमचा धाकटा भाऊ टिल्लू. लहानपणी किडकिडीत होता म्हणून टिल्लू. आता आम्हा दोघांपेक्षा हातभर उंच. वडील लवकर गेले, तेव्हा त्याला दादानेच वाढवलं. शाळेत घातलं, सायकल शिकवली, कान पिळले. टिल्लूला जगात दोनच गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या, सूर्य पूर्वेला उगवतो आणि दादा सांगतो ते बरोबर असतं. युद्धात तो तोफखान्यात गेला. धडधाकट परत आला, म्हणजे बाहेरून. माझ्याकडेच राहायचा. खिडक्यांची तावदानं बसवून दिली, नळ दुरुस्त केला, शेजाऱ्यांच्या नकला करून मला हसवलं. फक्त रविवारी दादा आणि वहिनी जेवायला आले की याला नेमकं काहीतरी काम निघायचं.

दादाला ते लागत होतं. "युद्धाची सवय जायला वेळ लागतो," तो वहिनीला सांगायचा, "त्या पिढीने फार सोसलंय." स्वतःच्या भावाला तो 'ती पिढी' म्हणाला तेव्हा मी वाढता वाढता डाव खाली ठेवला. टिल्लू मात्र त्याचा अग्रलेख रोज वाचायचा, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, आणि घडी घालून ठेवून द्यायचा. त्याच सुमारास तो जहाजांवरच्या नोकऱ्यांची चौकशी करायला लागला. हा एक दिवस उठून निघून जाईल, ही भीती माझ्या मनात घर करून बसली. मला तो घरात हवा होता. याहून मोठी माझी कोणतीच इच्छा त्या वर्षी नव्हती, मानवजातीबद्दल तर नव्हतीच.

मग एका सकाळी मान वर केली तर दुरुस्तीच्या रांगेत टिल्लू. थिएटरवाल्याच्या मागे, टोपी हातात धरून.

"तू इथे काय करतोयस?"

"रांगेत उभा आहे."

"अरे, घरी बोल ना काय ते."

"घरी तू ताई आहेस," तो म्हणाला. "मला दुरुस्तीवाली बाई हवीय."

त्याची पाळी आल्यावर तो समोर बसला आणि त्याने अंक सांगितला. युद्धाच्या तिसऱ्या हिवाळ्यातला. मी फाईल काढली. अग्रलेख दादाचाच होता. टिल्लूने ओळीवर बोट ठेवलं. 'नदीपलीकडचं ते शहर आज रिकामं आहे. तिथे दिवा लावणारा हातही उरलेला नाही. उरला आहे तो केवळ शत्रू.'

मला ते वाक्य आठवत होतं. गाजलं होतं ते.

"हे चूक आहे," टिल्लू म्हणाला. "शहर रिकामं नव्हतं."

ते आता सगळ्यांनाच माहीत झालं होतं. त्या शहराचं काय झालं ते युद्धानंतर कळलं, आणि दादाने त्यावर कितीदा तरी लिहिलं होतं. 'त्या शहरात मानवजातीने आपला चेहरा गमावला.' 'त्या शहरावर मानवजातीने जी आग ओतली.'

"दादाने नंतर लिहिलंय की त्याबद्दल," मी म्हटलं.

"वाचलं मी. मानवजातीने आग ओतली म्हणे. ताई, मानवजात तिथे नव्हती. मी होतो. आमच्या तोफेवरची पोरं होती." तो आवाज न चढवता बोलत होता, रांगेतल्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून किंचित पुढे वाकला होता. "पेपर आम्हाला फुकट यायचा. हा अग्रलेख मीच सगळ्यांना वाचून दाखवला. माझ्या दादाने लिहिलंय म्हणून. आमच्यात एक शाळामास्तर होता. तो म्हणाला, अरे, पण धुराड्यांतून धूर येतोय. सकाळचा येतो, संध्याकाळचा येतो. स्वयंपाकाच्या वेळेला. मी त्याला म्हटलं, मास्तर, दादा तपासल्याशिवाय लिहीत नाही. आणि चुकलंच तर आमच्याकडे दुरुस्ती छापतात."



"मी रोज पान दोन बघायचो," टिल्लू म्हणाला. "गोळे डागायचा आदेश येईपर्यंत रोज बघितलं. नाटकांच्या वेळा होत्या."

नंतर ते पायी शहरात शिरले तेव्हा त्याने काय पाहिलं, ते त्याने मला तिथेच सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच लिहिते, की जेवणाची टेबलं मांडलेली होती.

"ही ओळ दुरुस्त झाल्याशिवाय मला दादासमोर बसता येत नाही," तो उठता उठता म्हणाला. "भांडण नाहीये माझं. पण घास उतरत नाही."

मी नेहमीसारखी ओळ उतरवली आणि वरच्या मजल्यावर गेले. जिना चढता चढताच दुरुस्ती आली तर टिल्लू राहील असा हिशेब मी मनात मांडून टाकला.

दादाने ओळ वाचली. चष्मा काढला. मग मी टिल्लू त्या तोफेवर होता हे सांगितलं. हे त्याला माहीत नव्हतं. तोफखाना म्हणजे कुठेतरी मागे, सुरक्षित, अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली होती. तो खिडकीशी गेला आणि खाली सामान उतरवणाऱ्या गाडीकडे बघत राहिला.

"हे तीन ओळींत मावण्यासारखं नाही," शेवटी तो म्हणाला. "यावर अग्रलेखच लिहायला हवा."

"त्याला अग्रलेख नकोय. त्याला दुरुस्ती हवीय."

"अगं, एक ओळ दुरुस्त केली की चार वर्षांच्या फायली उघडाव्या लागतील. आणि कोपऱ्यात, नाटकाच्या वेळेखाली? एवढी मोठी गोष्ट? त्याच्या दुःखाचा तो अपमान होईल."

दादा मनापासून बोलत होता, हे सांगायला हवं. माझ्या दादासारख्या माणसांची चूक तीच. त्यांना वाटतं, गोष्ट मोठी केली की ती खरी होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर अग्रलेख आला. त्याने जन्मात लिहिला नव्हता असा. 'तो गोळा कोणी एकाने डागला नाही. आपण सर्वांनी डागला. ज्याने लिहिलं त्याने, ज्याने वाचलं त्याने, जो गप्प राहिला त्यानेही. उद्याचा माणूस जन्माला यायचा असेल, तर आजच्या माणसाने प्रथम मान खाली घातली पाहिजे.' फोरमनकाकांनीही त्या दिवशी चेष्टा केली नाही. शाळांमधून तो वाचून दाखवला गेला. दुसऱ्या पेपरांनी उचलून छापला. पत्रं पोत्याने आली. बेकरीवाली बाई मला पाव देताना डोळे पुसून म्हणाली, "तुमच्या भावाने आमच्या सगळ्यांच्या मनातलं लिहिलं हो."

टिल्लूने स्वयंपाकघरात बसून तो वाचला, बेकरीवालीचं म्हणणंही माझ्याकडून ऐकलं. घडी घातली.

"छान लिहिलंय," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "बेकरीवालीने कधी डागली तोफ?"

आणि तो पुन्हा जहाजाच्या कचेरीत गेला.

मला राग आला. मी फार रागावणारी बाई नाही. दुरुस्तीच्या टेबलाशी बसणाऱ्याला ते परवडत नाही. पण त्या दिवशी मी वर गेले, दादाचं दार न ठोठावता आत शिरले आणि त्याच्या पोतंभर पत्रांवर त्या ओळीचा कागद ठेवला.

"हा अजून शिल्लक आहे. नियमाप्रमाणे."

"तू अग्रलेख वाचला नाहीस?"

"वाचला. त्यात सगळे आहेत. तू तेवढा दिसला नाहीस."

त्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण मी तिथेच उभी राहिले. दादाने पेन उघडलं. तो माणूस दीड कॉलम एका बैठकीत, खाडाखोड न करता लिहायचा. त्याने लिहिलं, 'या पत्रात असं छापण्यात आलं होतं, की...' मी कागद परत सरकवला. त्याने दुसरा घेतला. 'आम्ही त्या वेळी असं म्हटलं होतं...' मी मान हलवली. तिसऱ्यावर त्याने लिहिलं, 'मिळालेल्या माहितीनुसार मी लिहिलं होतं...' आणि स्वतःच थांबला.

"माहिती कोणी दिली होती?" मी विचारलं. हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते.

"युद्धखात्यातल्या एका साहेबांचा फोन आला होता. शहर जवळपास रिकामं झालंय, म्हणाले."

"जवळपास?"

"हो."

"मग 'जवळपास' कुठे गेलं?"

दादाने पेन खाली ठेवलं. त्याचे हात म्हाताऱ्यासारखे दिसत होते. मला ते आजवर जाणवलंच नव्हतं.

"काढलं मी," तो म्हणाला. "त्या शब्दाने वाक्य लंगडं होत होतं. आणि मग दिव्याचं सुचलं. दिवा लावणारा हात. ते इतकं छान जमलं, की परत फोन करून विचारावंसंच वाटलं नाही."

मग तो रडला. मी त्याला तसं फक्त वडील गेले तेव्हा पाहिलं होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, कारण ठेवला असता तर त्याने पेन पुन्हा उचललं नसतं. आज वाटतं, ठेवायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पान दोनवर, खालच्या कोपऱ्यात, नाटकाच्या वेळेखाली, अंकाची तारीख देऊन छापून आलं: 'मी लिहिलं होतं, की नदीपलीकडचं शहर रिकामं आहे. ते रिकामं नव्हतं. मला "जवळपास रिकामं" असं सांगण्यात आलं होतं. "जवळपास" हा शब्द मी काढला.' खाली दादाचं पूर्ण नाव. फोरमनकाकांनी ते खिळे स्वतः जुळवले आणि ओला कागद माझ्या हातात देताना म्हणाले, "आज काही बोलवत नाही, बाई."

पेपर बाजारात गेला. बेकरीवाली मला काहीच बोलली नाही, तिच्या ते नजरेसही आलं नसावं. पत्र एकच आलं, थिएटरवाल्याचं. त्याची वेळ पुन्हा चुकली होती.

मी मात्र त्या दुपारी अंक घेऊन जवळजवळ धावत घरी गेले. दादाही मागून आला, कामाच्या दिवशी, कोटाची बटणं न लावता. टिल्लू स्वयंपाकघरात होता. त्याने पान दोन उघडलं, उभ्याउभ्याच वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्ची ओढून दादाच्या समोर बसला. मी ताटं वाढली. दोघं जेवले. टिल्लूने दादाला मीठ मागितलं आणि दादाने ते द्यायला इतकी घाई केली, की सांडलं. मला वाटलं, झालं. जिंकले मी. आता हा कुठे जात नाही.

जेवण झाल्यावर टिल्लूने स्वतःचं ताट विसळलं, हात पुसले आणि म्हणाला, "उद्या सकाळच्या गाडीने निघतो. नदीपलीकडे."

"कशाला?" माझा आवाज चढला. "छापलं ना त्याने? तुला हवं होतं तेच छापलं ना? आता काय राहिलं?"

"त्याचं झालं, ताई. माझं राहिलंय."

"तुझी काय चूक? तू वाचलंस आणि विश्वास ठेवलास."

"धूर मलाही दिसत होता," टिल्लू म्हणाला.

दादा उठला. त्याने टिल्लूला दोन्ही दंडांना धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना असाच धरायचा. वाक्यांची कधी वाण न पडलेला माणूस. तो काहीतरी मोठं बोलेल म्हणून मी वाट पाहत होते. तो साधंच बोलला.

"नको जाऊस. तिथे तुला कोणी ओळखतसुद्धा नाही रे."

"म्हणून तर जाऊन सांगायचंय, मी कोण ते," टिल्लू म्हणाला.